मातीत स्फुरद 'अत्यंत जास्त', तरी मक्याची पानं जांभळी का पडतात?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल काय चाललंय. जमीन काळी, ठिबकवर रब्बी मका, टोकण नोव्हेंबरच्या शेवटी. पीक गुडघ्याला लागायच्या आत खालची पानं शेंड्याकडून आणि कडेनं जांभळी पडली. दुकानदार म्हणाला फॉस्फरस म्हणजे स्फुरद कमी पडलाय, डीएपीची (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) अजून एक गोणी टाका आणि ठिबकमधून १२:६१ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरदाचं खत) सोडा. तुम्ही दोन्ही केलंत, फरक काही पडला नाही. मग माती परीक्षण केलं तर रिपोर्टमध्ये स्फुरद हेक्टरी ५८ किलो, शेरा 'अत्यंत जास्त'. सामू (पीएच) ८.३, चुनखडी ११ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, जस्त ०.३८ पीपीएम, लोह ३.१ पीपीएम. तर आता पान खरं मानायचं की रिपोर्ट, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी मुलाचा प्रश्न जोडलाय, की शाळेत शिकवतात फॉस्फरस हवेत पेट घेतो, मग तो खताच्या गोणीत कसा काय राहतो. त्याचंही उत्तर देतो, पण आधी मका.

पान पण खरं आहे आणि रिपोर्ट पण. मातीत स्फुरद आहे आणि झाडाला तो मिळत नाहीये, या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, आणि आपल्या नगर-नाशिक पट्ट्यातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर त्या दर थंडीत होतात. मी बरीच वर्षं माती तपासायचं काम करतोय, हिवाळ्यात माझ्याकडे जेवढे जांभळी पानं हातात घेऊन येतात त्यातल्या बहुतेकांच्या मातीत स्फुरद कमी नसतोच. कमी असते ती मुळी.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. युरियातलं नत्र एकदा नायट्रेट झालं की पाण्याबरोबर फिरतं, तुम्ही पाणी दिलं की ते मुळीकडे चालत येतं आणि जास्त पाणी दिलं की खाली निघूनही जातं. स्फुरद असा फिरत नाही. तो मातीत पडला त्या जागेपासून काही मिलिमीटर सरकला तरी खूप झालं. म्हणजे स्फुरद मुळीकडे येत नाही, मुळीलाच त्याच्याकडे जावं लागतं, आणि मुळी जिथून जाते तिथला आजूबाजूचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद उचलला की ती जागा रिकामी होते, मग नवीन पांढरी मुळी नवीन जागी घुसली तरच पुढचा घास मिळतो. मुळी वाढायची थांबली की स्फुरद मिळायचा थांबला, मग आजूबाजूला गोण्याच्या गोण्या पडलेल्या असल्या तरी उपयोग नाही.

आकड्यांत सांगतो. आपल्या जमिनीत सगळ्या प्रकारचा मिळून स्फुरद वरच्या अर्ध्या फुटात हेक्टरी हजार किलोच्या घरात सहज असतो. त्यातला 'उपलब्ध' म्हणून रिपोर्टमध्ये येतो तो तुमच्यासारखा ५०-६० किलो. आणि मुळी प्रत्यक्ष जे पाणी पिते त्या मातीतल्या पाण्यात विरघळलेला स्फुरद किती, तर कुठल्याही एका क्षणी बहुतेक वेळा हेक्टरी शंभर ग्रॅमसुद्धा नसतो. कणगी भरलेली आहे पण चुलीवर एका वेळी मूठभरच येतंय, असा प्रकार. मुळीनं ती मूठ उचलली की मातीच्या कणांना चिकटलेल्यातला थोडा सुटून पाण्यात येतो, परत मुळी उचलते, हे दिवसभर चालू असतं. माती गार पडली की हे सुटणंही मंदावतं आणि मुळीही मंदावते.

आता चुनखडीचं काम काय ते बघा. स्फुरदाला कॅल्शियमची फार ओढ. डीएपीचा दाणा मातीत विरघळला की त्यातला फॉस्फेट आजूबाजूच्या कॅल्शियमला धरतो, आधी जे संयुग बनतं ते बऱ्यापैकी विरघळणारं असतं, पण दिवस जातील तसं ते घट्ट होत होत ॲपेटाइटच्या दिशेनं जातं. ॲपेटाइट म्हणजे ज्या खनिजापासून खत बनतं तेच, आणि आपली हाडं-दातही त्याच जातीच्या खनिजाचे आहेत. म्हणजे कारखान्यात खनिजावर ॲसिड टाकून जे सोडवलं ते आपल्या शेतात चुनखडी परत बांधून टाकते. म्हणूनच टाकलेल्या स्फुरदातला त्या हंगामात पिकाला मिळतो तो साधारण १० ते २५ टक्के. बाकीचा वाया गेला असं मात्र समजू नका, तो जागेवरच असतो, थोडा थोडा पुढच्या पिकांना मिळत राहतो. तुमचा ५८ चा आकडा हा गेल्या कित्येक वर्षांच्या डीएपीचा साठा आहे.

मग जांभळा रंग का? स्फुरद हा झाडाच्या आत ऊर्जा इकडून तिकडे नेणारा घटक, एटीपी म्हणतात त्यातला 'पी' हाच. तो कमी पडला की पान साखर बनवतं पण ती वापरून वाढ होत नाही, साखर पानातच साठते आणि तिथे अँथोसायनिन नावाचं जांभळं रंगद्रव्य तयार होतं. पण साखर साठायला स्फुरदाचीच कमतरता लागते असं नाही. रात्री पारा ८-१० वर आला, दिवसा लख्ख ऊन, तरी हेच होतं, कारण दिवसा पान काम करतं आणि रात्री थंडीत ती साखर खाली मुळीकडे जात नाही. निफाडकडे तर काही वर्षी ५ अंशांच्या खाली जातं, तिकडचे मका करणारे हे दरवर्षी बघतात. शिवाय मक्याच्या काही हायब्रीडचा रंगच थोडा जांभळट असतो, बुंधा आणि पानाची देठाकडची बाजू जांभळी दिसते आणि पिकाला काहीच झालेलं नसतं. कमी वाफशावर किंवा अतिपाण्यानं मुळी गुदमरली तरी हेच. मुळीला वाळवी-हुमणी लागली तरी हेच. म्हणून नुसतं पान बघून मी कधीच डोस सांगत नाही, आणि फोटोवरून तर अजिबात नाही.

तुम्ही उद्या सकाळी एक काम करा. जांभळं दिसणारं एक झाड आणि त्याच ओळीतलं हिरवं एक झाड, दोन्ही खुरप्यानं नाही, फावड्यानं मातीच्या ढेकळासकट उचला. उपटू नका, उपटलं की बारीक मुळ्या मातीतच राहतात आणि तुम्ही जे बघायला गेलात तेच हातातून जातं. ढेकूळ बादलीत पाण्यात अर्धा तास ठेवा, माती आपोआप सुटेल. मग बघा पांढऱ्या, टोकाला तकतकीत मुळ्या आहेत का, की तपकिरी आणि आखूड आहेत. मुळी एका बाजूलाच वळलीये का, म्हणजे खाली घट्ट थर आहे. ठिबकच्या ओल्या गोळ्यातच गुंडाळून बसलीये का, म्हणजे पाणी जास्त आणि वारंवार होतंय. माझा अंदाज, तुमच्याकडे हे शेवटचं निघेल, कारण तुम्ही लिहिलंय की दिवसाआड पाणी सोडताय. काळ्या जमिनीत डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड पाण्याची गरज नसते, माती सतत ओली राहते, ओली माती गार राहते आणि मुळीला हवा मिळत नाही. तरी हे अंदाजच, मुळी बघितल्यावर पक्कं होईल.

रिपोर्टबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण 'अत्यंत जास्त' या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नका असं मी माझ्याकडे येणाऱ्यांनाही सांगतो. पहिलं, ५८ किलो हा नुसता स्फुरद म्हणजे पी आहे की पी-टू-ओ-फाइव्ह? दोन्ही प्रकारे लिहिणाऱ्या लॅब आहेत आणि दोघांत २.२९ पटीचा फरक आहे. पी म्हणून ५८ असेल तर खरंच भरपूर आहे, कारण देशभर जी वर्गवारी वापरतात त्यात पी हेक्टरी १० च्या खाली कमी, १० ते २५ मध्यम आणि २५ च्या वर जास्त. पण तेच ५८ पी-टू-ओ-फाइव्ह असेल तर पी होतो २५ च्या आसपास, म्हणजे मध्यमची वरची कड. दोन्हीत तुमचं उत्तर बदलत नाही, अजून डीएपीची गरज नाहीच, पण पुढच्या हंगामात किती कमी करायचा ते यावर ठरेल. गोणीवरचे आकडे मात्र नेहमी पी-टू-ओ-फाइव्हमध्ये असतात, डीएपीच्या ५० किलोत २३ किलो, सुपर फॉस्फेटच्या गोणीत ८ किलो. गोणीत पी-टू-ओ-फाइव्ह नावाचा पदार्थ नसतो, ही फक्त मोजायची जुनी रीत आहे.

दुसरं, माती कुठून घेतली. ठिबकच्या नळीखालून, खत पडतं त्याच पट्ट्यातून घेतली असेल तर आकडा फुगलेला येणार. आणि तिसरं, पद्धत. आपल्या जमिनीला ओल्सन पद्धत लागते, त्यात अडीच ग्रॅम माती सोडियम बायकार्बोनेटच्या ८.५ सामूच्या द्रावणात अर्धा तास हलवतात, गाळतात, मग मॉलिब्डेटनं निळा रंग आणतात, निळा जेवढा गडद तेवढा स्फुरद जास्त. गाळताना कोळशाची पूड वापरतात ती स्फुरदमुक्त नसली तर रिकाम्या नमुन्यालाही निळा रंग येतो, म्हणून चांगल्या लॅबमध्ये प्रत्येक बॅचला कोरा नमुना लावतात. कोकणातल्या आंबट जांभा जमिनीला ब्रे नावाची वेगळी पद्धत आहे, ती आपल्याकडे वापरली तर चुनखडी ते ॲसिडच खाऊन टाकते आणि आकडा चुकतो. तुमच्या रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा, हक्क आहे तुमचा.

आता मला तुमच्या रिपोर्टमधला खरा काळजीचा आकडा कुठला वाटला सांगतो, स्फुरद नव्हे, जस्त. ०.३८ पीपीएम. मर्यादा ०.६ धरतात, त्याच्या बरंच खाली. मका जस्ताला फार हळवं पीक. आणि स्फुरद भरमसाट टाकत गेलं की झाडात जस्ताची कमतरता वाढते, हे आता सगळीकडे माहिती झालेलं आहे, तरी दुकानात कोणी सांगत नाही. नवीन पानाकडे बघा, पोग्यातून येणाऱ्या पानाच्या देठाकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढरट पट्टा दिसतोय का. दिसला तर जस्तच. स्फुरदाची लक्षणं जुन्या पानांवर आधी येतात कारण झाड तो जुन्यातून काढून नव्याला देतं, जस्त-लोहाची नव्या पानांवर येतात कारण ते तसे हलत नाहीत. एवढा फरक डोक्यात राहिला तरी निम्मे चुकीचे डोस वाचतात. लोह ३.१ म्हणजे तेही ४.५ च्या मर्यादेखाली आहे, पण आत्ता जस्त आधी.

तर आत्ता काय करायचं. डीएपी बंद, १२:६१ बंद. पाण्याच्या पाळीत अंतर वाढवा, माती मुठीत दाबून बघा, ओलसर गोळा होऊन बोटानं फुटला पाहिजे, चिखल नको, म्हणजे वाफसा. ओळीत कोळपं जात असेल तर एक कोळपणी करा, माती भुसभुशीत होऊन हवा जाते आणि वरचा थर लवकर तापतो. जस्ताची फवारणी करा, २०० लिटर पाण्याला १ किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो कळीचा चुना, चुना वेगळा भिजवून त्याची निवळी घ्या, नाहीतर पान करपतं. चिलेटेड झिंक १२ टक्के वापरलंत तर चुन्याची गरज नाही, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरे. आठ-दहा दिवसांनी परत एक फवारणी. यात १२:६१ किंवा ०:५२:३४ अजिबात मिसळू नका, जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की खाली साका बसतो आणि दोन्ही फुकट जातं.

तुमचा दुकानदार म्हणेल फवारणीतून स्फुरद द्या. हिशोब करा. १२:६१ ची एक टक्का फवारणी, एकरी २०० लिटर, म्हणजे २ किलो खत, त्यात सव्वा किलोच्या आत स्फुरद. एकरी ३० क्विंटल मक्याला सगळं मिळून २५-३० किलो लागतो. पानावाटे पिकाचं पोट भरत नाही, अडचणीत थोडा हातभार लागतो एवढंच. तरी तुमच्या मनात शंका राहात असेल तर दोन ओळींना १२:६१ द्या, बाजूच्या दोन ओळी तशाच ठेवा, खुणेला काठी रोवा आणि तीन आठवड्यांनी बघा. मी सांगण्यापेक्षा तुमचं शेत सांगेल ते पक्कं. थंडी ओसरली की नवीन पानं हिरवी येतात का ते बघा, जुनी जांभळी पानं परत हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघून घाबरू नका.

ठिबकचं एक सांगायचं राहिलं. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे भांड्याला पांढरा थर धरतो तसं, तर १२:६१ ठिबकमधून सोडण्याआधी तपासायलाच हवं. पाण्याची पारदर्शक बाटली घ्या, तुमच्याच बोअरचं पाणी, त्यात टाकीत जेवढं करता तेवढ्याच प्रमाणात खत टाका, हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दुधट झालं असेल किंवा तळाला पांढरी साय बसली असेल तर तोच कॅल्शियम फॉस्फेट तुमच्या ड्रिपरमध्ये बसतोय. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१ एका टाकीत तर कधीच नको, मधे दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा.

पुढच्या हंगामाचं बोलू. तुम्ही एकरी दोन गोण्या डीएपी फोकून टाकता असं लिहिलंय. मक्याची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) धरली तर एकरी स्फुरद होतो २४ किलो, म्हणजे डीएपीची एकच गोणी. आणि साठा अत्यंत जास्त असेल तर शिफारशीच्या निम्मा देतात, म्हणजे अर्धी गोणी. पूर्ण बंद करू नका असं मी म्हणतो, कारण थंडीत कोवळ्या मुळीला जवळ थोडा ताजा स्फुरद लागतो. पण तो अर्धा फोकू नका. फोकलेलं डीएपी वरच्या दोन बोटांच्या मातीतच अडकतं, तो थर दुपारी सुकतो, सुक्या मातीत मुळी जात नाही. पाभरीनं किंवा टोकण करताना बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली पट्ट्यात द्या. बियाण्याला चिकटून मात्र नको, डीएपीतून अमोनिया सुटतो आणि कोंब जळतो.

डीएपीच द्यायचं असंही नाही. चुनखडीच्या जमिनीत मी सिंगल सुपर फॉस्फेटला जास्त मान देतो, दाण्याभोवतीचं द्रावण आंबट असतं, डीएपीचं उलट अल्कधर्मी, आणि सुपरबरोबर ११ टक्के गंधकही मिळतं. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मिसळून ठेवायचं आणि मग पट्ट्यात द्यायचं, सेंद्रिय आम्लांमुळे चुनखडीची पकड थोडी सैल होते. गोण्या जास्त उचलाव्या लागतात, मजुरी वाढते, हे खरं आहे, एकर-दोन एकरला जमतं, वीस एकरला मी पण आग्रह धरत नाही. झिंक सल्फेट एकरी १० किलो, तेही शेणखतात मिसळून, स्फुरदाच्या पट्ट्यापासून वेगळं, आणि दर पिकाला नको, दोन-तीन पिकांत एकदा.

काही जण म्हणतील गंधक टाकून सामूच खाली आणा. तुमच्या ११ टक्के चुनखडीचा हिशोब सांगतो. वरच्या अर्ध्या फुटातली माती हेक्टरी साधारण २२ लाख किलो, त्यात ११ टक्के म्हणजे एकरी जवळजवळ १०० टन चुनखडी. ती संपवायला एकरी ३० टनांच्या वर गंधक लागेल. दहा किलोनं सगळ्या जमिनीचा सामू बदलेल ही आशा सोडा. बदलायचं ते मुळीच्या अगदी लगतचं वातावरण, आणि ते पट्ट्यातल्या खतानं, शेणखतानं आणि पिकानं स्वतः होतं. हरभऱ्याच्या पानावर सकाळी जी आंब असते ना, तशीच आम्लं त्याची मुळीही मातीत सोडते आणि चुनखडीत अडकलेला स्फुरद सोडवून घेते. मक्यामागे मका करण्याऐवजी मधे हरभरा आला तर तुमचा हा साठा थोडा तरी वापरात येईल. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ते वापरा, स्वस्त आहेत, पण सेंद्रिय कर्ब ०.४२ असलेल्या जमिनीत त्यांना खायलाच नाही, आधी कर्ब वाढवा. मायकोरायझाचंही तसंच, ती बुरशी मुळीच्या पुढे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणते आणि मक्याला लागू पडते, पण डीएपी भरपूर असलेल्या मातीत ती नीट वसतच नाही. आणि कोबी-फ्लॉवर-मोहरीच्या कुळाला ती लागतच नाही, त्यांच्यासाठी पाकीट घेऊ नका.

हे सगळं तुमच्या जमिनीसाठी आहे. ज्यांनी नुकतं जेसीबीनं सपाटीकरण केलंय, वरची काळी माती खरवडून खालचा मुरूम-चुनखड वर आलाय, त्यांच्याकडे स्फुरद खरंच कमी असतो, त्यांनी माझं वाचून डीएपी बंद करू नये. हलक्या बरड जमिनीतही तसंच, तपासून ठरवा. कोकणात आणि गोव्यात जांभा जमीन, तिथे स्फुरदाला कॅल्शियमऐवजी लोह आणि ॲल्युमिनियम धरतात, तिथे खनिज स्फुरदाची भुकटीही आंबट मातीत हळूहळू विरघळते आणि आंबा-काजूला कामी येते. तीच भुकटी आपल्या ८.३ सामूच्या मातीत टाकली तर दगड टाकल्यासारखं आहे, कोणी स्वस्त म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

द्राक्ष-टोमॅटोवाल्यांसाठीही एक गोष्ट, कारण यात पैसे जाताना मी बघतो. फॉस्फरिक ॲसिड आणि फॉस्फरस ॲसिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यातून झाडाला स्फुरद मिळतो. दुसऱ्यातून, म्हणजे फॉस्फोनेट, फोसेटिल-एएल वगैरेतून, मिळत नाही, ते डाऊनीसारख्या (केवडा) रोगांवर चालतं आणि तिथे चांगलं चालतं, पण झाड त्याचा स्फुरद म्हणून उपयोग करू शकत नाही. लेबलवर स्फुरदाची टक्केवारी बघून त्याला खत समजू नका.

आता मुलाचा प्रश्न. त्याला सांगा, तू शिकलास ते बरोबर आहे. शुद्ध पांढरा फॉस्फरस मेणासारखा मऊ असतो, अंधारात फिकट चमकतो, हवेत ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो, विषारी आहे आणि म्हणून पाण्याखाली ठेवतात. १६६९ साली हॅम्बुर्गमध्ये हेनिंग ब्रांट नावाच्या किमयागारानं सोनं मिळेल म्हणून साठवलेलं मूत्र आटवलं आणि त्यातून हा निघाला. तोच पांढरा हवा न लागू देता तापवला की लाल फॉस्फरस होतो, तो सहज पेटत नाही, काडेपेटीच्या बाजूच्या घासायच्या पट्टीत तोच असतो. पूर्वी काडीच्या टोकालाच पांढरा लावायचे, कारखान्यातल्या कामगारांची जबड्याची हाडं सडायची, म्हणून १९०६ मध्ये बर्नला देशोदेशींनी मिळून बंदीचा करार केला आणि भारतातही १९१३ साली त्यावर बंदीचा कायदा आला.

पण हा मोकळा फॉस्फरस निसर्गात कुठेच सापडत नाही, इतका तो ऑक्सिजनला हपापलेला. जमिनीत, खनिजात, हाडात, गोणीत, सगळीकडे तो चार ऑक्सिजनला बांधलेला फॉस्फेट म्हणून असतो, आणि एकदा ऑक्सिजनशी बांधला गेला की जळायचं काही उरतच नाही. म्हणून डीएपीची गोणी उन्हात तापली तरी त्यातला फॉस्फरस पेटत नाही. मुलाच्या स्वतःच्या अंगातही आहे, मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम, त्यातला ८५ टक्के हाडा-दातांत. आणि त्याला एक सावधगिरीही सांगा, उंदरांसाठी आणलेलं झिंक फॉस्फाइड आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हे फॉस्फेट नव्हे, त्यातून फॉस्फीन नावाचा जीवघेणा वायू सुटतो, झोपायच्या खोलीत किंवा बंद घरात त्या कधीही ठेवायच्या नाहीत.

मी गोणी वाचवा म्हणतो त्याला अजून एक कारण आहे. नत्र हवेतून बनवता येतं, स्फुरद हवेत नाहीच, तो फक्त खाणीतून येतो. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडाला फार जुन्या समुद्रातल्या शेवाळांच्या थरांत स्फुरदाचा मोठा साठा आहे, मध्य प्रदेशातही थोडा आहे, पण देशाला तो पुरत नाही. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे, पश्चिम सहारा धरून. आपण खनिज, ॲसिड आणि तयार डीएपी बाहेरून आणतो आणि १३५० रुपयांना जी गोणी मिळते तिची खरी किंमत त्याहून बरीच जास्त असते, फरक सरकार भरतं. तिकडे बोट अडली की इकडे पेरणीच्या तोंडावर गोण्यांसाठी रांगा लागतात आणि सोबत नको ती लिंकिंगची औषधं गळ्यात मारली जातात. तुमच्या शेतात आधीच जो साठा पडलाय तो वापरलात तर त्या रांगेत तुम्हाला उभं राहावं लागणार नाही.

परत माती काढाल तेव्हा मका निघाल्यावर, पुढचं खत पडण्याआधी काढा. नळीखालची आणि खताच्या पट्ट्यातली जागा सोडा, बांधाजवळची आणि शेणखताच्या ढिगाजवळचीही सोडा. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, वीत-सव्वा वीत खोल, कडेची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत काढा, सगळं एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवून कापडी पिशवीत द्या. खताच्या रिकाम्या गोणीत किंवा खत उचललेल्या पाटीत ठेवू नका. आणि मुळीचे दोन फोटो, जांभळ्या झाडाचा आणि हिरव्या झाडाचा, धुतल्यानंतरचे, इथेच टाका, बघून सांगतो.